मदत हवी आहे : लक्षद्वीपला जाण्यापूर्वी समुद्राचा आठवड्याचा अंदाज नेमका कसा वाचावा?

नमस्कार.

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी, पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांची आई असे चौघे मुंबईहून कोचीमार्गे अगत्तीला जाण्याच्या विचारात आहोत. राहण्याची सोय आणि प्रवेश परवाना यांची माहिती मी गोळा केली आहे, त्यामुळे त्याविषयी प्रश्न नाही. प्रश्न आहे तो समुद्राच्या सात दिवसांच्या अंदाजाचा. त्यातल्या कोणत्या आकड्यावर विसंबून आईला होडीत बसवावे आणि कोणत्या दिवशी बसवू नये, हे मला शिकून घ्यायचे आहे. कारण गेल्या वर्षी माझी यात चूक झाली.

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही अंदमानात होतो. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, हॅवलॉकला (स्वराज द्वीप) जाण्याच्या आदल्या रात्री मी अंदाज पाहिला. लाटांची उंची १.२ मीटर, वारा ईशान्येचा १५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), इशारा कोणताही नाही. गेटवेहून मांडव्याला जाताना याहून वाईट समुद्र पाहिल्याच्या समजुतीने मी निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट बंदराबाहेर पडण्याआधीच एक कर्मचारी प्रत्येक रांगेत कागदी पिशव्या ठेवत गेला, तेव्हाही ही त्यांची नेहमीची पद्धत असावी असे मला वाटले. पुढच्या दहा मिनिटांत त्या पिशव्या कमी पडू लागल्या. आईने पदराचे टोक पुढच्या आसनाच्या दांडीला गुंडाळून दोन्ही हातांनी घट्ट धरले होते आणि धक्क्यावर उतरेपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत.

गंमत अशी की तिसऱ्या दिवशी परतताना अंदाज अगदी तोच होता, उंची तीच आणि वाराही तोच, आणि तरीही आई खिडकीशी बसून संत्री सोलत होती. बोटवाल्यांच्या कार्यालयात मी तक्रार केली, तेव्हा तिथल्या माणसाने ‘साहेब, समुद्र हिरव्या रंगातच होता’ (म्हणजे अंदाजात इशारा नव्हता) एवढेच उत्तर दिले. ते खोटे नव्हते, पण त्याने माझे समाधान झाले नाही.

आमच्या शेजारी वर्सोव्याचे एक कोळी गृहस्थ राहतात. त्यांचे म्हणणे असे की उंचीचा आकडा पाहणे हे शहरातल्या माणसाचे काम. समुद्रावर जाणाऱ्याने वारा आणि तिथी पाहावी. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते (चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता) आणि उधाणापेक्षा (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) भांगाचे (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) दिवस बरे, हा त्यांचा हिशोब मुंबईत मी स्वतः पडताळून पाहिला आहे. तो बेटांवर चालतो का? शिवाय अंदाज किती दिवस आधीपर्यंत खरा मानावा? २०१७ च्या डिसेंबरमध्ये ओखी चक्रीवादळ मिनिकॉयजवळून लक्षद्वीप ओलांडून आले आणि ५ डिसेंबरला मुंबईतल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हे मला चांगले आठवते. त्यामुळे ‘हिवाळ्यात समुद्र शांत असतो’ हे वाक्य ऐकले की आता मला थोडी धास्तीच वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी व्यापारी जहाजांवर डेक अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. आपल्या कोड्याचे उत्तर आपण दिलेल्या आकड्यांतच आहे. फक्त दोन गोष्टी आपण पाहिलेल्या दिसत नाहीत. एक म्हणजे लाटांचा आवर्तनकाळ, आणि दुसरी म्हणजे त्यांची दिशा आपल्या मार्गाशी किती जुळते ती.

आवर्तनकाळ म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेचा माथा येईपर्यंत लागणारे सेकंद. खोल पाण्यात या सेकंदांचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणले की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. पाच सेकंदांची लाट ३९ मीटर लांब असते, तर बारा सेकंदांची जवळजवळ २२५ मीटर. दोन्हींची उंची १.२ मीटरच असली, तरी पहिली आपटते आणि दुसरी बोटीला सावकाश उचलून खाली ठेवते. डिसेंबरात अंदमानच्या समुद्रावर ईशान्य मोसमी वारा वाहत असतो आणि जवळच उठलेल्या त्याच्या लाटा आखूडच असतात. हॅवलॉक पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला आहे, म्हणजे जाताना आपण त्या लाटांवर समोरून चाल करून गेलात. आपली बोट २० नॉटने चालली होती आणि लाटा पाच सेकंदांच्या होत्या असे धरले, तर समोरून दर सव्वादोन सेकंदांना एक लाट बसते. परतताना लाटाही बोटीच्याच दिशेने धावत असल्यामुळे तेच अंतर पंधरा-सोळा सेकंदांचे होते. आईंच्या संत्र्यांचे रहस्य एवढेच आहे.

दुसरे असे की अंदाजात लिहिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पट येऊ शकते, आणि १.२ मीटरच्या दिवशी दोन मीटरची लाट आली तर तो अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था जो सागरी अंदाज देते, त्यात वाऱ्याने तिथेच उठलेल्या लाटा आणि स्वेल, म्हणजे दूरच्या वादळाने उठून इथवर आलेल्या लांब लाटा, यांची माहिती वेगवेगळी मिळते. आपण एकत्रित उंचीवर थांबू नये. मात्र लांब लाट नेहमीच सज्जन असते असेही नाही: खोल समुद्रात जी जाणवत नाही, तीच प्रवाळाच्या कडेवर उथळ पाणी लागले की उभी राहून फुटते. केरळ आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवर अशा लाटा स्थानिक वारा नसतानाही अचानक आत घुसतात. मल्याळीत त्याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, असे म्हणतात. त्याचा मोसम मुख्यतः एप्रिल-मे आहे, त्यामुळे जानेवारीत आपण त्याची फार चिंता करू नये.

किती दिवस आधी विश्वास ठेवावा, याबाबत माझी सवय सांगतो. पहिल्या तीन दिवसांवर मी बेत आखत असे, चौथ्या-पाचव्या दिवसावर फक्त कल पाहत असे, आणि सहाव्या-सातव्या दिवसाचा आकडा वाचत असे, पण त्यावर पैसे लावत नसे. चक्रीवादळांची भीती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रास्त आहे. २०१६ च्या त्याच दिवसांत, पुढे ‘वरदा’ नाव मिळालेल्या वादळाच्या आधी, हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. जानेवारीच्या उत्तरार्धात ही शक्यता बरीच कमी होते. तरीही निघण्याआधी हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहावा.

आपल्या शेजाऱ्यांचा हिशोब अर्धा चालेल. भरती दररोज पाऊण तासाहून किंचित अधिक पुढे सरकते, हे चंद्रामुळे सगळीकडे सारखेच आहे. पण अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते, ही मुंबईची गोष्ट. प्रत्येक बंदराची ही मूळ वेळ निराळी असते, म्हणून बेटावर स्थानिक भरतीचे कोष्टकच पाहावे. लक्षद्वीपची भरती-ओहोटी आपल्या मुंबईच्या मानाने अगदी लहान आहे; मुलाला पाण्यात उतरवताना मात्र भांगाचे दिवस खरोखरच बरे, कारण प्रवाळाच्या खिंडीतली पाण्याची ओढ तेव्हा सौम्य असते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात एक स्थानिक गोष्ट जोडते. लक्षद्वीपची बहुतेक बेटे प्रवाळाच्या पूर्व कडेवर आहेत आणि लगून, म्हणजे प्रवाळाने वेढलेले उथळ पाणी, त्यांच्या पश्चिमेला आहे. म्हणून ईशान्येचा वारा असला की बेटच आडोसा होते आणि लगूनचे पाणी गुळगुळीत राहते. वायव्येकडून लाट आली तर तिला बाहेरचा खडक अडवतो. मी गेले होते तेव्हा लगूनमध्ये माझ्या सावलीखालचे मासे दिसत होते आणि बेटाच्या पूर्वेला त्याच वेळी पांढरा फेस उडत होता. अंदाज उघड्या समुद्राचा असतो, हे ध्यानात ठेवावे. जहाजाने जाणार असाल, तर बऱ्याच ठिकाणी ते बाहेर उभे राहते आणि प्रवाशांना हलत्या शिडीवरून लहान होडीत उतरावे लागते. बहात्तर वर्षांच्या व्यक्तीसाठी खरी परीक्षा तिथे आहे, त्यामुळे विमानच घ्यावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. विमानाचे ठरवले. नकाशा काढून पाहिला, तर आमच्या बेतातले बंगारम बेट अगत्तीच्या नेमके ईशान्येला निघाले, म्हणजे जाताना पुन्हा वारा तोंडावर. त्यामुळे बंगारमचा दिवस आता पक्का न करता मोकळा ठेवला आहे. अगत्तीला पोचल्यावर पुढच्या तीन दिवसांचा अंदाज पाहून, ज्या दिवशी वारा दहा नॉटच्या आत असेल त्या सकाळी आम्ही तिघे जाऊ. आई अगत्तीच्या लगूनकाठी थांबणार आहे. बरोबर न्यायच्या संत्र्यांची चौकशी तिने आतापासूनच सुरू केली आहे. एकच शंका उरली आहे: लहान उघड्या होडीसाठी दहा नॉट ही मर्यादा योग्य आहे, की ती आणखी खाली आणावी?

प्रतिसाद १

दहा ठीक आहे, पण वाऱ्याच्या झोतांचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोही पाहा. तो पंधराच्या वर असेल तर जाऊ नका. आणि होडीवाला ‘आज नको’ म्हणाला, तर अंदाज काहीही म्हणो, त्याचे ऐका.