जुन्या समईच्या फोटोतून तिचं वय पुसायचं का?

मेणवलीकर
जुन्या पितळी-तांब्याच्या वस्तू विकणाऱ्यांचे फोटो हल्ली रोज मोबाईलवर येतात. परवा साताऱ्याकडच्या एका लामणदिव्याचा आला. साखळी पिवळीधमक, मोर काल ओतल्यासारखा गुळगुळीत, मागची भिंत पुसून पांढरी केलेली. त्याच दिव्याचा आधीचा फोटो एका मित्राकडे निघाला. त्यात मोराच्या मानेवर जुनं झाळकाम स्वच्छ दिसतंय. म्हणजे मान कधीतरी तुटली होती आणि कुणीतरी ती जपून जोडून घेतली होती. विक्रीच्या फोटोत तो सांधाच नाही.

उजेडामुळे आलेला दोष काढायला माझी ना नाही. ट्यूबलाईटखाली पितळ हिरवट दिसतं, बल्बखाली तांबूस. राखाडी कार्ड शेजारी ठेवून रंग जागेवर आणा, फोटो सरळ करा, कडा कापा. पण पोचा, झीज, झाळ, जंगाल (तांब्या-पितळेवर चढणारा हिरवा थर) या गोष्टी उजेडाच्या नाहीत, वस्तूच्या आहेत. त्यांना हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

गणपतीपेठ_सांगली
दादा, मी जुन्या भांड्यांचाच धंदा करतो, म्हणून स्पष्ट बोलतो. काळं पडलेलं घंगाळ आहे तसं दाखवलं की गिऱ्हाईक म्हणतं, हे तर मोडीतलं, किलोच्या भावानं द्या. मग पूर्वी आम्ही काय करायचो? चिंच, मीठ, नाहीतर सरळ ॲसिड. घासून घासून नक्षी बोथट व्हायची. आता घंगाळाला हात लावत नाही, फोटोत उजळवतो. वस्तू आहे तशी राहते. यात वाईट काय झालं ते सांगा.

आणि कॅमेरा तरी कुठं खरं दाखवतो? फोन बटण दाबल्याबरोबर आपल्या मनानं रंग भडक करतो. मी नाही केलं तर तो करतोच.

मेणवलीकर
वस्तू न घासण्याचा मुद्दा मला मनापासून पटला. पण पुढचं बघा. तुमचा चकचकीत फोटो पाहून ज्यानं घंगाळ घेतलं, त्याच्या घरी काळं घंगाळ पोचतं. तो काय करणार? परत पाठवेल, नाहीतर चिंच घेऊन बसेल. तुम्ही वाचवलेली नक्षी तो घालवणार. नाण्यांचं हेच झालंय. शिवराई लखलखीतच असते असं लोकांच्या मनात बसलं, म्हणून आजोबांच्या डब्यात सापडलेली शिवराई आधी चिंचेत जाते. जाणकार संग्राहक अशा घासलेल्या नाण्याला कमी किंमत देतो, कारण वरचा थर गेलेला असतो आणि अक्षरांच्या कडाही.

शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो. तिथं तरी फोटो खरा हवा.

कासपठार
चोरीचं कुणी बोललं नाही अजून. देवळातली मूर्ती चोरीला जाते तेव्हा ती ओळखायची कशावरून? एका साच्यातल्या मूर्ती सारख्याच दिसतात. फरक असतो तो नाकाच्या टवक्यात, पाठीवरच्या चिरेत. १९९७ पासून ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा आंतरराष्ट्रीय नोंद-नमुना आहे. त्यात मापं आणि फोटो यांच्याबरोबर वस्तूच्या खास खुणांचा वेगळा रकाना आहे, आणि त्यात मोडतोड, दुरुस्ती, घडणीतले दोष हेच लिहायचं असतं. गावच्या देवाचा फोटो छान दिसावा म्हणून टवका पुसलात, तर उद्या मूर्ती सापडली तरी आपली म्हणून सांगणार कशी? पाठीचा फोटो काढा. बुडाचा काढा. शेजारी पट्टी ठेवा.

मिरजवाली
मेणवलीकर, तुमचा नियम फार कडक आहे. आमच्या घरात २०१९ च्या पुराचं पाणी शिरलं. आजीचा स्टुडिओत काढलेला एकुलता एक फोटो चिखलात गेला, गालापासून कपाळापर्यंत डाग पडला. तो डागसुद्धा वस्तूची खूण म्हणायची का? तो डाग आजीचा नाही, पुराचा आहे. मुलानं डाग काढून चेहरा नीट केला, मी तोच भिंतीवर लावलाय आणि तो तिथंच राहील. माझ्या लेकीला पणजी दिसायला हवी, चिखल नव्हे.

मेणवलीकर
ताई, भिंतीवर तोच ठेवा. भिजलेला फोटो मात्र फेकू नका आणि त्याचं आहे तसं स्कॅन जपून ठेवा. डागाखालचा चेहरा मुलाच्या संगणकानं अंदाजानं भरलाय. उद्या लेकीनं विचारलं की पणजीच्या कपाळावर गोंदण होतं का, तर उत्तर त्या डागाळलेल्या फोटोतच मिळालं तर मिळेल.

मोडीवाचक
मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात, कारण माझं काम एडिटिंगशिवाय होतच नाही. मोडी लिपीतल्या जुन्या कागदांवर पाण्याचे तपकिरी डाग असतात. फोटोतला फक्त लाल रंगाचा भाग वेगळा काढून पाहिला की डाग फिका पडतो आणि काजळीच्या शाईचं अक्षर काळंच राहतं. डोळ्यांना न दिसणारी ओळ वाचता येते. याला खोटं कसं म्हणायचं?

भीती वेगळ्या गोष्टीची आहे. नव्या फोनमधलं सॉफ्टवेअर धूसर रेघ ‘सुधारतं’. मोडी म्हणजे एका दमात ओढलेली, एकमेकांना जोडलेली अक्षरं. रेघेचं टोक थोडं वळवलं की अक्षर बदलतं, आणि जमिनीच्या कागदात अक्षर बदललं की माणूस बदलतो. आहे ते उठावदार करणं वेगळं आणि नाही ते भरणं वेगळं.

दगडालाही हेच लागू. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, आहेत. असे दगड उठून दिसावेत म्हणून काही जण खडू फासतात, तेल ओततात. हात जोडून सांगतो, नका करू. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, किंवा संध्याकाळी बाजूनं बॅटरी धरा. उथळ कोरीवही सावलीनं उठतं. मग संगणकावर कॉन्ट्रास्ट हवा तेवढा वाढवा, दगडाला काही होत नाही.

गणपतीपेठ_सांगली
मोडीवाचक, हेच तर मी म्हणतोय, वस्तूपेक्षा फोटोला त्रास दिलेला बरा. पण पितळ चमकतं त्याचं काय? कॅमेऱ्याला पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा काचेचा फिल्टर, लावून बघितला, काही फरक नाही.

मोडीवाचक
पोलरायझर काचेमागच्या चित्राला चालतो, उघड्या धातूच्या चकाकीवर एकट्याचा विशेष उपयोग नाही. फ्लॅश बंद करा. खिडकीवर पांढरं मलमल लावा आणि समोरच्या बाजूला काळं कापड धरा, म्हणजे तुम्ही स्वतः घंगाळात दिसणार नाही.

गणपतीपेठ_सांगली
करून बघतो. तरी पहिला फोटो मी उजळच टाकणार, नाहीतर कुणी थांबूनच बघत नाही. दुसरा आहे तसा टाकीन, पट्टी ठेवून.

मेणवलीकर
मला क्रम उलटा हवा. आणि झाळकाम असेल तर ते फोटोखाली शब्दांत लिहा. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या एका संग्रहालयातून साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली. लंडनच्या त्या संग्रहालयानं स्वतःच्या नोंदीत स्पष्ट म्हटलंय की ही महाराजांनी वापरलेलीच वाघनखं असल्याचा पुरावा नाही. एवढ्या मोठ्या वस्तूबद्दल ते हे लिहू शकतात, तर ‘मान जोडलेली आहे’ एवढं आपण का लिहू नये?

गणपतीपेठ_सांगली
लिहीन. क्रम मात्र बदलणार नाही.