चाळिशीत ऑटिझमचं निदान: करून घ्यावं की सोडून द्यावं?

सांजवारा: माझं मत, घ्यावं. ऑटिझम (स्वमग्नता) म्हणजे मेंदूची मुळातच वेगळी जडणघडण; लोकांशी वागणं-बोलणं, आवाज-उजेड सोसणं जड जातं. फोन करायच्या आधी बोलायची वाक्यं कागदावर लिहून काढणारा, ट्यूबलाइटच्या गुणगुणीत मीटिंगमधलं निम्मं बोलणं हरवून बसणारा माणूस आयुष्यभर 'तिरसट', 'माणूसघाणा' हेच ऐकत असतो. लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे नव्हतंच असं नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्येही, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेतही, हे मान्य केलंय: लक्षणं बालपणापासून असतात, पण लोकांच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पुरती दिसतीलच असं नाही. शिकून घेतलेल्या क्लृप्त्यांखाली झाकलीही जातात. बायकांच्या बाबतीत तर हे फारच होतं.

खडूस काका: साफ असहमत. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. मग चाळीस वर्षं निभावल्यावर दाखला घेऊन करायचं काय? घरचे उद्यापासून साध्या भांडणातही 'तुझं ते ऑटिझम' काढतील. हल्ली दोन रील बघितले की जो तो 'स्पेक्ट्रमवर', म्हणजे ऑटिस्टिक!

सांजवारा: 'निभावलं' म्हणता, पण कशाच्या जिवावर? दिवसभर चेहरा सांभाळायचा आणि घरी येऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. वर्षानुवर्षं नैराश्याच्या गोळ्या घेऊनही फरक का पडत नाही, हे निदान झाल्यावर कळू शकतं. समुपदेशनाची पद्धतही बदलता येते.

मधली_वाट: रीलबद्दल काकांशी सहमत. ऑनलाइन मिळणारी ५० प्रश्नांची एक्यू चाचणी (ऑटिझमची लक्षणं स्वतःच तपासायची प्रश्नावली, २००१ ची) ही फक्त चाळणी, निदान नव्हे. नीट तपासणीत बालपणाची सविस्तर मुलाखत होते, एडॉससारखं (ठरावीक गप्पा-कृती करायला लावून तज्ज्ञ बघतात ते) प्रत्यक्ष निरीक्षण होतं. सामाजिक भीती किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) तर नाही ना, हेही बघतात. ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही एकत्रही असू शकतं, हे आता मान्य आहे.

खडूस काका: हेडफोन लावा, सूचना लेखी मागा. दाखला कशाला लागतो त्याला?

सांजवारा: मागून बघा एकदा साहेबांकडे. 'नखरे' म्हणतात. कागद असला की किमान ऐकून तरी घेतात.

खडूस काका: किंवा पुढच्या बढतीत नाव गाळतात.

मधली_वाट: ती भीती खरी आहे. म्हणून निदान घेणं आणि ऑफिसात सांगणं हे दोन वेगळे निर्णय ठेवा. आणि आई-वडील हयात असतील तर त्यांच्याशी आधी बोला. तीन-चार वर्षांचे असताना तुम्ही कसे होतात, हे सांगणारं कुणी उरलं नाही की तपासणाऱ्याचं काम फार अवघड होतं.