ऑफिसजवळ घर घ्या म्हणे! (हिंजवडी)

लातूरकर:
परवा इथेच कुणीतरी ज्ञान दिलं: 'नव्या नोकरीवाल्यांनी रडगाणं थांबवावं. ऑफिसला चालत जाता येईल असं घर भाड्याने घ्या. दोन-तीन हजार जास्त गेले तरी पेट्रोल आणि वेळ वाचतो.' डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

माझं ऑफिस पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कच्या फेज ३ ला. चालत जाण्याच्या टप्प्यात एक तर टाउनशिपमधले फ्लॅट, ज्यांचं भाडं ऐकूनच फ्रेशर परत फिरतो, नाहीतर माणमधले पीजी, एका खोलीत तीन कॉट. माझं लग्न झालंय, बायकोला चौथ्या कॉटवर ठेवू का? आणि चालायचं कशावरून? फूटपाथ सुरू होतो, मध्येच विजेचा डीपी, पुढे वडापावची गाडी, त्यापुढे फूटपाथच गायब. पावसाळ्यात तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात. रस्ता एमआयडीसीचा, बाजूचा भाग पीएमआरडीए (महानगर विकास प्राधिकरण) आणि ग्रामपंचायतीचा. तक्रार करायला गेलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पायी_पायी:
ते ज्ञान माझंच. मी मारुंजीत एका खोलीत राहून फेज १ ला चालत जायचो. कमोड नव्हता, लिफ्ट नव्हती, मेलो नाही. तुम्हाला जिम, पूल आणि बाल्कनीतून डोंगर हवा, वर भाडं कमी!

लातूरकर:
बाल्कनीचं नाव मी काढलं कुठे? पाण्याचा टँकर वेळेवर यावा एवढीच अपेक्षा आहे.

पेठकर:
चालायचंच असेल तर पुण्यात पेठेत या. भाजी, मेस, डॉक्टर, वाचनालय सगळं पायाखाली.

चिंचवडची:
आणि नोकरी हिंजवडीत! पेठेतून वाकड पुलापर्यंत येईस्तोवर माणूस म्हातारा होतो. शिवाजीनगर-हिंजवडी मेट्रोचे खांब उभे राहिले तेव्हाच मालकांनी 'मेट्रोपासून पाच मिनिटं' म्हणत भाडी चढवली. गाडीत बसायच्या आधीच तिकीट घेतलं म्हणायचं.

नगरची_मुलगी:
तुम्हाला निदान भाडं तरी सांगतात. मला पहिला प्रश्न: 'फॅमिली का बॅचलर?' मग सोसायटीच्या चेअरमनसमोर मुलाखत. मित्र येणार का, नॉनव्हेज शिजवणार का, रात्री किती वाजता येता. पगारी नोकरी आहे हे कुणी विचारलंच नाही. फ्लॅट सोडताना डिपॉझिटमधून अख्ख्या घराच्या पेंटिंगचे पैसे कापले. भिंतीला एक खिळा मारला नव्हता मी.

दोन_फ्लॅटवाला:
दुसरी बाजूही ऐका. माझ्याकडे चार पोरं राहिली. किचन ओट्याची फरशी फुटली, बेसिनमध्ये अंड्याची टरफलं, लाईटबिल तीन महिने थकलेलं. हप्ता मी भरतो, वर सोसायटी भाडेकरू ठेवला म्हणून जादा पैसे लावते. पेंटिंग कापणार नाही तर काय आरती ओवाळू?

कलम_५५:
काका, ते जादा पैसे म्हणजे बिनभोगवटा शुल्क, मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेलं. सहकारी सोसायटीला ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ पासून. तुमची सोसायटी जास्त घेत असेल तर तिच्याशी भांडा, भाडेकरूवर राग काढू नका. आणि करार रजिस्टर केला होता का?

दोन_फ्लॅटवाला:
अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही. नोटरी पुरते. सगळे तेच करतात.

कलम_५५:
सगळे चुकतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता घरबसल्या ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा पुरतो.

नगरची_मुलगी:
म्हणजे माझ्या नोटरीवाल्या मालकापुढे मी म्हटलं असतं की पेंटिंगची अट ठरलीच नव्हती, तर?

कलम_५५:
तर तुमच्या बाजूने बराच जोर होता.

दोन_फ्लॅटवाला:
वा! म्हणजे भाडेकरूने उद्या म्हणावं भाडं शंभर रुपये ठरलंय. वकिलांनी देश बुडवला.

चिंचवडची:
नोंदणी करा ना मग, कोण अडवतंय? हजार रुपये फी वाचवायला लाखाचं डिपॉझिट वेठीला धरता.

दोन_फ्लॅटवाला:
बरं बाई, पुढचा करार रजिस्टर करतो. खर्च मात्र भाडेकरू अर्धा देईल, आणि पेंटिंगची अट मी ठळक अक्षरात लिहीन.

पायी_पायी:
मूळ विषय चालत जाण्याचा होता. इथे कोर्टच भरलंय. तरी सांगतो, लातूरकर, फेज ३ बद्दल तुमचं खरं असेल. मी तिकडे कधी चालत गेलेलो नाही.

लातूरकर:
मेहेरबानी! मग सल्ला कुठल्या फेजसाठी होता ते तिथेच लिहायचं ना. असो. बावधन किंवा म्हाळुंगेत वन बीएचके, करार रजिस्टर करणारा मालक, कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ब्रोकरांनी तसदी घेऊ नये.