देवगडला जानेवारीत जिगिंग: असिस्ट हूक कुठल्या नंबरचे घ्यावेत?

सिंहगडरोडवाला
नमस्कार मंडळी. जानेवारीत अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) देवगडहून होडीने जिगिंगला, म्हणजे जिग हे धातूचं जड आमिष तळाला सोडून झटके देत वर ओढायला, जायचं ठरलंय. तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणतो, 25-30 मीटर पाण्यात खडपावर (बुडालेल्या खडकावर) नेतो. सुरमई, तांबोशी, नशीब असेल तर हेकरू. माझ्याकडे 60 आणि 80 ग्रॅमचे जिग आहेत, रॉड मध्यम ताकदीचा, दोरी पीई 2 (विणलेली, 2 हा जाडीचा नंबर). जिगच्या शेपटीला ट्रेबल (तीन टोकांचा गळ) लावूनच आलेत. दुकानात सांगितलं, "मोठा मासा हवा तर 5/0 घ्या." यूट्यूबवर प्रत्येकाचं निराळंच. ट्रेबल ठेवू की काढू? असिस्ट (आखूड दोरीवर लोंबणारा गळ) एक की दोन? नंबर कुठला?

खडपकाका
ट्रेबल आधी काढ आणि पुण्यातच ठेव. खडपावर जिग तळाला टेकला की पहिला अडकतो तो शेपटीचा ट्रेबल, आणि मग जिग, लीडर (जिगच्या आधीचा दोरीचा तुकडा) सगळंच दर्याला अर्पण. असिस्ट वरच्या टोकाला, लीडरच्या बाजूला लोंबतो. दगडाला शेपटी लागते, गळ वर राहतो.

5/0 विसर (/0 च्या आधीचा आकडा मोठा, तेवढा गळ मोठा). नंबर माशाकडे बघून ठरवायचा नसतो, जिगची रुंदी आणि रॉड बघून ठरवायचा. गळ जिगच्या अंगावर आडवा धरून बघ. दांडा आणि टोक यांतलं अंतर जिगच्या रुंदीपेक्षा चांगलं जास्त हवं. कमी असेल तर गळ जिगलाच मिठी मारून बसतो आणि मासा दात घासून निघून जातो. लांबट 60 ग्रॅमला 1/0, रुंद 80 ला 2/0, अंदाजाने. अंदाजाने अशासाठी, की एका कंपनीचा 2/0 दुसरीच्या 3/0 एवढा निघतो. खिशात जिग घेऊनच दुकानात जा.

आता रॉड. 5/0 म्हणजे बहुतेक जाड तार. ती जबड्यात रुतवायला जो हिसका लागतो, तो मध्यम रॉडला झेपत नाही. मासा लागतो, चार वेटोळी दोरी आत येते आणि सुटतो. बारीक तारेचा गळ माशाच्या ओढीनेच रुततो. हेकरूने खडपात दडी मारली तर बारीक तार सरळ होईल, हे खरं. पण तसा हेकरू पीई 2 वरही हाती लागणं कठीणच, मग त्याच्यासाठी बाकीच्या माशांवर पाणी कशाला सोडायचं?

असिस्टला दोन गळ, एकाची दोरी किंचित आखूड. लोंबता गळ जिगच्या मध्याच्या खाली पोचता कामा नये, नाहीतर जिग खाली जाताना शेपटीला गुरफटतो. भांगाला पाण्याला ओढ कमी, जिग सरळ उतरतो, त्यामुळे हा त्रास तुला कमी होईल. उधाणाला गेला असतास तर मी एकच गळ सांगितला असता.

मिठबावकर
काकांनी सांगल्यानी ता बरोबर, पण सुरमयेचा काय? सुरमई शेपटीकडून तोडते. जिगच्या वरच्या अर्ध्यावरच गळ असतील तर दोरीला नुसता ठोका जाणवणार आणि जिगवर दातांचे चरे येणार. खडप सोडून मधल्या पाण्यात जिग जोरात ओढणार असाल तेव्हा शेपटीलाही छोटी असिस्ट जोडी लावा, 1 नंबरची; मागे शून्य नसलेला 1, म्हणजे 1/0 पेक्षा लहान. वरचे आणि खालचे गळ एकमेकांना पोचणार नाहीत एवढं बघा. आणि असिस्टची दोरी आत तार घातलेलीच घ्या. साधी केव्हलार (मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी) सुरमई कात्रीने कापल्यासारखी कापते.

सिंहगडरोडवाला
काका, मिठबावकर, आभार. मग लीडरही तारेचाच लावू का?

खडपकाका
थंडीत पाणी निवळ असतं, लांब तार माशाला दिसते. फ्लुरोकार्बनच (पाण्यात सहज न दिसणारी दोरी) ठेव, आणि जिगपाशी वीतभर बारीक तार. तीही तांडेलाने "आज सुरमईच आहे" म्हटलं तरच. तांबोशीला तार नको. मिठबावकरांचं शेपटीचं म्हणणं मान्य, फक्त खडपावर परत आलास की ती जोडी काढ. आळस करू नकोस, रिंग उघडायचा चिमटा खिशात ठेव.

आणखी एक. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून बघ. रुतलं तर ठीक, घसरलं तर बदल. प्रत्येक वेळी जिग दगडाला आपटला की हे करायचं. नवाकोरा गळसुद्धा एका आपटण्यात बोथट होतो. संध्याकाळी गळ गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवूनच डबीत टाक. ओला एक गळ रात्रभरात शेजारच्यांनाही गंज लावतो.

मिठबावकर
तांडेल मालवणच्या बाजूला न्यायला लागला तर आधी विचारा. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पद्मगडाभोवतीच्या गाभ्यात गरी टाकायची नाही.