मदत हवी आहे: भाच्याच्या गाडीनं अपघात झाला, तो घाबरून निघून आला. आता काय करावं?

काल रात्री साडेनऊच्या सुमारास नागपुरात मानेवाडा रिंग रोडवर माझ्या भाच्याच्या कारचा धक्का एका सायकलवाल्या काकांना लागला. तो खाली उतरला, पण चहूकडून लोक धावत आले. कुणीतरी मागची काच फोडली. भाचा गाडीत बसला आणि थेट घरी आला. ताईला त्यानं आज सकाळी सांगितलं. काका बोलत होते, पायातून रक्त येत होतं, हँडलला डबा अडकवलेला होता, एवढंच त्याला आठवते.

वय 22, लायसन्स आहे, विमा चालू आहे, दारूचा थेंब घेतलेला नव्हता. भाऊजी म्हणतात, गाडी वर्ध्याला ओळखीच्या गॅरेजात टाका अन् चूप बसा. मला हे पटत नाही. पण पोलिसांत गेलो तर पोराला आत टाकतील का? दहा वर्षांची सजा होते, असा मेसेज फिरतो आहे. खरं आहे का? कुणी जाणकार असाल तर लवकर सांगा.

प्रतिसाद १
भाऊ, गाडीला हात लावू नका. काचसुद्धा बदलू नका. लपवाछपवी केली तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागतो, त्यात भाऊजीही येतील.

मोटार वाहन कायद्याचं कलम 134 बघा. जखमीला दवाखान्यात पोचवणं चालकाचं काम आहे. जमावाच्या भीतीनं ते शक्य झालं नाही, तर कायदा ते समजून घेतो. पण पोलीस ठाण्यात खबर देण्यातून सुटका नाही, कमाल मुदत 24 तास. म्हणजे आज रात्री साडेनऊपर्यंत. खबर दिली नाही तर कलम 187 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याचं कलम लागलं तर 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ते जामीनपात्र आहे. दहा वर्षांचं म्हणाल तर ते माणूस दगावला आणि चालक न कळवता पळाला, यासाठीचं भारतीय न्याय संहितेतलं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) उपकलम आहे. जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी त्यावरूनच चक्का जाम केला होता. 1 जुलै 2024 ला न्याय संहिता लागू झाली तेव्हा तेवढं उपकलम लागू केलं नव्हतं.

वकील सोबत घ्या, पोराला स्वतः बोलू द्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा, भरपाई त्यातूनच मिळते.

प्रतिसाद २
काकांचं काय झालं ते कुणी पाहिलं का? त्या भागातली माणसं बहुतेक मेडिकललाच (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) नेतात.

धागाकर्ता
वकील भेटले. भाचा तयार आहे, भाऊजी अजून रागात आहेत. चार वाजता ठाण्यात जातो आहोत. ताई आत्ताच मेडिकलच्या अपघात विभागात विचारायला निघाली.