औषध कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअरने जावं का?

रबाळेकर
रबाळ्याला औषध कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. नव्या पोरांनी इकडे येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. शुद्ध पाण्याच्या लाइनवरचं ईपीडीएम रबराचं गॅस्केट (जोडातून गळू नये म्हणून बसवायची चकती) काढून टेफ्लॉनचं बसवायचं, तर चेंज कंट्रोल (बदलाच्या मंजुरीचे कागद), रिस्क असेसमेंट (धोक्याचा लेखी अंदाज), क्यूएची म्हणजे गुणवत्ता विभागाची सही. पान्याचं काम अर्ध्या तासाचं, आठवडे जातात कागदामागे. डिझाइन हातातून सुटत चाललंय.

तळोजा_बॉयलर
तुमच्याच गॅस्केटवर बोलू. टेफ्लॉन क्लॅम्पखाली हळूहळू पसरतं आणि पकड सैल होते. ८० अंशांच्या पाण्याने सॅनिटायझेशन होणाऱ्या लाइनवर तर लवकरच. ईपीडीएम दाब सुटला की परत उसळतं, पण तेलकट मालात फुगतं. म्हणजे टॉर्क (आवळण्याचा जोर) बदलला, पुन्हा आवळण्याचं वेळापत्रक बदललं. हे रिस्क असेसमेंटमध्ये आपण नाही लिहायचं तर कोणी? १९०५ मध्ये अमेरिकेत ब्रॉक्टनच्या बूट कारखान्यात बॉयलर फुटला, ५८ माणसं गेली. तिथला बॉयलर कोड अशा अपघातांतून आला. लांब कशाला, मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीत रिअ‍ॅक्टरचा स्फोट झालाच की.

ऐरोली_डिझाइन
बॉयलर आणि औषध एका मापाने मोजू नका, साहेब. आयबीआर, म्हणजे आपली बॉयलर नियमावली, बॉयलरच्या जाडीचं सूत्रच हातात देते. जीएमपी (औषधं बनवण्याचे नियम) कुठलं गॅस्केट लावा ते सांगत नाही. जे लावाल ते योग्य आहे हे सिद्ध करा म्हणतं. इंजिनिअरला याहून मोकळं रान कुठे मिळणार? पण ऑडिटच्या धास्तीने कंपन्या स्वतःची एसओपी (कामाची लेखी पद्धत) इतकी आवळतात की सुट्या भागाचा मेकही, म्हणजे बनवणारी कंपनीही, बदलता येत नाही. रबाळेकरांचा जाच खरा आहे, फक्त तो सरकारने केलेला नाही.

रबाळेकर
जाच कोणाचा का असेना, भोगतो ज्युनिअरच. रिस्क असेसमेंटच्या मीटिंगला त्याला बोलावतं कोण? मागचा फॉर्म उघडायचा, तारीख बदलायची, सहीला पाठवायचा. उद्या डिझाइन ऑफिसात मुलाखत दिली तर स्ट्रेस, टॉलरन्स विचारतील. चेंज कंट्रोलचे नंबर सांगून नोकरी मिळत नाही.

तळोजा_बॉयलर
जुना फॉर्म उचलून पाठवणं हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. पुढच्या वेळी टॉर्कचं गणित आणि पुन्हा आवळण्याचं वेळापत्रक स्वतः जोडा, न विचारता. क्यूएने ते काढायला लावलं तर इथे लिहा, मी तुमच्या बाजूने बोलेन.