शेजारच्या आजींनी दिलेलं व्हिक्टोरियन भरतकाम, धुवू का तसंच ठेवू?

लीड्सकरीण
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या शेजारच्या इंग्रज आजी घर विकून मुलीकडे राहायला गेल्या आणि जाताना त्यांच्या पणजीचं भरतकाम मला देऊन गेल्या, म्हणाल्या तू टाके घालतेस, तूच नीट सांभाळशील. एक सॅम्पलर आहे, म्हणजे मुली टाके शिकताना भरायच्या तो नमुन्याचा कपडा, त्यावर एबीसीडी, आकडे, खाली मुलीचं नाव, वय ९ आणि साल १८६८. लोकरीने भरलेले गुलाब असलेलं कुशन कव्हर आहे. आणि पांढरे लिननचे अभ्रे, कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोन अक्षरं आणि खाली ४. सगळं पिवळं पडलंय, कोंदट वास येतोय. आई म्हणते रिठ्याच्या पाण्यात बुडवून काढ. काढू का?

दोसुती
नाही नाही, लोकरीच्या कामाला पाणी अजिबात लावू नकोस! ते गुलाब म्हणजे बहुतेक बर्लिन वूल वर्क, बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावर नमुने छापून रंगवून विकायचे आणि इंग्लंडमधल्या घराघरातल्या बायका ते चौकटी मोजत मोजत कॅनव्हासवर उतरवायच्या. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम जांभळा रंग शोधला, त्यानंतर कृत्रिम रंगांची लोकर आली, भडक जांभळी, किरमिजी, आणि त्यातले बरेच रंग उजेडाने उडतात आणि पाण्यात सुटतात. एकदा शेजारच्या टाक्यांत उतरला की संपलं. कव्हर उलटं करून बघ, मागे खरा रंग दिसेल.
सॅम्पलरही धुवू नको, रेशमी दोरा असला तर तो आता ठिसूळ झालेला असतो.

सातासमुद्रापार
अभ्रे मात्र धुता येतील. तो लाल दोरा सहसा टर्की रेड नावाच्या पक्क्या लाल रंगाचा, उकळत्या पाण्यातही टिकतो म्हणूनच खुणेला वापरायचे. अक्षरं मालकिणीची आणि ४ म्हणजे सेटमधला चौथा, आळीपाळीने वापरले की सगळे सारखे झिजायचे. तरी आधी ओला पांढरा कापूस लाल टाक्यावर दाबून बघा, रंग लागला नाही तरच पुढे जा. कोमट पाणी, सौम्य साबण, ब्लीच नाही, आणि पिळायचं नाही, टॉवेलवर पसरून वाळवायचं. माझं मत विचाराल तर असे अभ्रे वापरावेत, त्यासाठीच केलेत ते.

लीड्सकरीण
दोसुतीताई, उलटं करून पाहिलं आणि बघतच राहिले! पुढे जो फिकट राखाडी वाटत होता तो मागे चक्क गडद जांभळा आहे, गाठी पण किती बारीक. पण एका पानाजवळ लोकर कुरतडल्यासारखी दिसतेय, कसर लागलीय का?

दोसुती
हो, पतंगाच्या किंवा भुंग्याच्या अळ्या असणार. डांबराच्या गोळ्या टाकू नकोस. आधी पातळ टिश्यू कागदात गुंडाळ, मग पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा काढून बंद कर आणि घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ ला दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच राहू दे, नाहीतर दव धरेल. नंतर ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या टिश्यू कागदात ठेव, घडी न घालता नळीवर गुंडाळून, भरलेली बाजू बाहेर. नुसत्या लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्यात नको, त्यातल्या आम्लाने तपकिरी डाग पडतात.

सातासमुद्रापार
सॅम्पलर फ्रेम करणार असाल तर गोंद आणि चिकटपट्टी दोन्ही टाळा, सुती कापड चढवलेल्या बोर्डावर टाके घालून बसवतात, काच कापडाला टेकता कामा नये आणि ऊन तर अजिबात नको. स्वतः करायची भीती वाटत असेल तर लंडनच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क या भरतकामाच्या शाळेला फोटो पाठवून विचारा, १८७२ पासूनची संस्था आहे, जुन्या कामाची डागडुजी करतात. आणि आजींना फोन करून त्या मुलीबद्दल काय काय आठवतंय ते आत्ताच लिहून घ्या, कुठलं गाव, लग्न कुठे झालं, आणि तो कागद कापडाबरोबरच ठेवा, पेन्सिलीने लिहिलेला, शाई नको.

लीड्सकरीण
रविवारी फोन करते आजींना. फ्रीजरमधले मटार आजच संपवते!